नाही म्हणणारं शास्त्र

नियंत्रण अभियांत्रिकीत संशोधन करणाऱ्यांशी गप्पा रंगल्या की केव्हातरी हे वाक्य येतंच: ‘खरं सांगू का, आमचा विषय संपलाय.’ बोलणारा बाहेरचा टीकाकार नसतो. त्याच विषयात त्यानं पीएच.डी. केलेली असते आणि पुढच्या परिषदेसाठी त्याच विषयावरचा निबंधही तयार असतो. ही कबुली विनयातून येते की कंटाळ्यातून, ते मला कधी कळलेलं नाही. पण तिच्यामागचा युक्तिवाद आता कारखान्यांत, कॉलेजांत आणि निधी वाटणाऱ्या समित्यांतही रुळला आहे. तो मला मुळातच चुकलेला वाटतो. मात्र खंडनाआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायला हवा.

पूर्वपक्ष असा. जगातली बहुतेक यंत्रं पीआयडी नावाच्या एका साध्या नियमावर चालतात. आत्ता चूक किती आहे, आजवर किती साचली आहे आणि ती कोणत्या दिशेनं चालली आहे, या तिन्हींना आपापलं वजन देऊन बेरीज करायची आणि तेवढा व्हॉल्व्ह उघडायचा किंवा मिटायचा. निकोलस मिनोर्स्कीनं १९२२ साली जहाजाचं सुकाणू धरणाऱ्यांच्या सवयी पाहून हा नियम मांडला. १९४२ साली झिगलर आणि निकोल्स यांनी ती तीन वजनं कशी ठरवायची याची सोपी रीत दिली आणि कारखान्यांचं काम भागलं. २००२ साली हनीवेलच्या लेन डेसबरो आणि रँडी मिलर यांनी तेलशुद्धीकरण, रसायनं आणि कागद या उद्योगांतल्या अकरा हजारांहून अधिक नियंत्रकांची पाहणी प्रसिद्ध केली. मूलभूत नियंत्रणाचं काम करणाऱ्यांपैकी ९७ टक्के पीआयडी निघाले. मग कालमन, पोंत्र्यागिन, बोडे या सिद्धान्तकारांनी एवढा खटाटोप केला कोणासाठी?

इतिहासही पूर्वपक्षाच्या बाजूनं उभा केला जातो. जेम्स वॉटनं वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर लावला १७८८ साली. मॅक्सवेलचा गव्हर्नरांवरचा निबंध आला १८६८ साली. मधली ऐंशी वर्षं गिरण्या काय बंद होत्या? हॅरॉल्ड ब्लॅकला ऋण पुनर्भरणाच्या वर्धकाची कल्पना १९२७ साली हडसन नदीवरच्या फेरीबोटीत सुचली. असा वर्धक स्थिर केव्हा राहतो हे सांगणारं नायक्विस्टचं गणित १९३२ चं. भविष्याचा अंदाज घेत चालणारं, आज रिफायनऱ्यांत सर्वत्र दिसणारं मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल सत्तरच्या दशकात शेलच्या अभियंत्यांनी वापरात आणलं. ते स्थिर का राहतं याच्या सिद्धता नंतर आल्या. आणि आता तर डेटावरून शिकणारी यंत्रं आली आहेत. त्यांना समीकरण लागत नाही, मॉडेल लागत नाही. सबब, सिद्धान्त हा अलंकार आहे. काम अनुभवानं होतं आणि पुढे शिकणाऱ्या यंत्रांनी होईल.

पाहणीच्या आकड्यापासूनच सुरुवात करतो, कारण तो अर्धाच सांगितला जातो. त्याच पाहणीत असंही आढळलं होतं की समाधानकारक काम करणारे नियंत्रक जेमतेम एक तृतीयांश आहेत, आणि तितकेच, किंबहुना थोडे जास्तच, ऑपरेटरनं ‘मॅन्युअल’वर टाकून ठेवले आहेत. म्हणजे ‘पीआयडी पुरतो’ याचा पुरावा म्हणून दाखवला जाणारा कागद प्रत्यक्षात तो बसवलेला आहे एवढंच सिद्ध करतो.

पण माझा मुख्य आक्षेप आकड्याला नाही, तो मोजण्याच्या पद्धतीला आहे. पेटीवर कोणता नियम लिहिला आहे ते मोजलं की त्या पेटीभोवतीची रचना मोजणीतून निसटते. साखर कारखान्यातला बॉयलर घ्या. सहवीजनिर्मितीसाठी आता ६७ किंवा ८७ किलोच्या दाबाचे बॉयलर बसवतात. वरच्या ड्रममधली पाण्याची पातळी एका रेषेवर राखायची असते. ती घसरली तर नळ्या जळतात, फार चढली तर वाफेसोबत पाणी टर्बाइनमध्ये शिरतं. एक पातळी, एक व्हॉल्व्ह. पीआयडीसाठी याहून सरळ काम दिसत नाही. आता टर्बाइननं एकदम जास्त वाफ ओढली असं समजा. ड्रममधला दाब उतरतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पातळी चढलेली दिसते. प्रत्यक्षात ड्रममधलं पाणी घटत असतं. निव्वळ पातळी पाहणारा पीआयडी नेमक्या त्याच वेळी फीड वॉटरचा व्हॉल्व्ह मिटत जातो. काही वेळानं बुडबुडे बसतात आणि पातळी कोसळते. उलटही तसंच: पातळी वाढावी म्हणून थंड पाणी जास्त सोडलं की बुडबुडे आक्रसतात आणि पातळी आधी खालीच जाते. मुरलेल्या बॉयलर अटेंडंटला हे ठाऊक असतं; पातळी हलली म्हणून तो लगेच हात घालत नाही.

यावर उपाय म्हणजे कारखान्यात ज्याला थ्री-एलिमेंट म्हणतात ती रचना. किती वाफ गेली ते मोजायचं, तेवढं पाणी लगोलग आत सोडायचं, आणि पातळीकडे पाहून होणारी दुरुस्ती सावकाश चालू ठेवायची. या रचनेत बहुधा एकाच्या जागी दोन पीआयडी असतात. पाहणीत ते दोन पीआयडी म्हणूनच मोजले जातील आणि ९७ टक्क्यांत आणखी भर पडेल! ही रचना कुणा गणितज्ञानं शोधली असा माझा दावा नाही. ती बॉयलरवाल्यांनीच घडवली. पण पातळीचा पीआयडी कितीही निगुतीनं ट्यून केला तरी वेगवान का होणार नाही, आणि ‘सावकाश’ म्हणजे नेमकं किती सावकाश, हे सांगतो सिद्धान्त. ज्या यंत्राचा पहिला प्रतिसाद उलट्या दिशेनं जातो, त्याला जितकी घाई कराल तितकं ते आधी जास्त उलटं जाणार. हा पीआयडीचा दोष नाही. कोणताही नियंत्रक आणा, माणूस बसवा, उद्या संगणकाला शिकवा, त्या मर्यादेतून कोणाचीच सुटका नाही. कोयनेच्या टर्बाइनांनाही हेच लागू आहे: झडप जास्त उघडली की बोगद्यातल्या पाण्याच्या जडत्वामुळे क्षणभर वीज वाढण्याऐवजी घटते. चेर्नोबिलमध्ये २६ एप्रिल १९८६ च्या रात्री अणुभट्टी थांबवण्यासाठी दांडे आत सोडले, तेव्हा त्यांच्या ग्रॅफाइटच्या भागानं तळाशी असलेलं पाणी हटवलं आणि अभिक्रिया आधी वाढली. पुढचं सर्वांना माहीत आहे.

माझा उत्तरपक्ष इथून सुरू होतो. नियंत्रणशास्त्र म्हणजे नियंत्रक बनवण्याच्या कृतींचा संग्रह, असं पूर्वपक्ष धरून चालतो आणि मग त्यातल्या किती कृती वापरात आहेत ते मोजतो. या शास्त्राचा गाभा मला दुसरीकडे दिसतो. काय कधीच करता येणार नाही, हे ते आधी सांगतं.

याचा प्रयोग घरीही करता येतो. पाच फुटी काठी तळहातावर उभी तोलणं थोड्या सरावानं जमतं. पेन्सिल कोणालाच जमत नाही. काठीचा कल तिप्पट-पावणेतिप्पट व्हायला सुमारे एक तृतीयांश सेकंद लागतो. पंधरा सेंटिमीटरच्या पेन्सिलीचा एक दशांश सेकंदात होतो. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. म्हणजे पेन्सिलीच्या बाबतीत हात हलायच्या आतच खेळ संपलेला असतो. काठीही टोकाऐवजी हाताकडे पाहून तोलायचा प्रयत्न करा, तीच काठी पडते. काय मोजता यावरही शक्य-अशक्य ठरतं. हनुवटीवर बांबू तोलणारा डोंबारी शेंड्याकडे पाहतो ते उगाच नाही.

यातलं खोलवरचं तत्त्व हेंड्रिक बोडेनं बेल लॅबोरेटरीजमध्ये वर्धकांवर काम करताना मांडलं. १९४५ च्या त्याच्या ग्रंथात ते आहे. पुनर्भरणानं काही वारंवारितांवरचे धक्के दाबता येतात, पण तेवढेच दुसऱ्या वारंवारितांवर वाढतात. धान्याचं भरलेलं पोतं एका बाजूनं दाबलं की दुसऱ्या बाजूला फुगावं, तसं. लघुगणकाच्या मापानं मोजलं तर दाबलेलं क्षेत्र आणि फुगलेलं क्षेत्र यांचा हिशोब चुकता होतो, आणि प्रत्यक्षातल्या जवळजवळ प्रत्येक यंत्राला तो लागू पडतो. यंत्र मुळातच अस्थिर असेल तर हिशोब चुकताही होत नाही. फुगवटा नेहमी जास्त राहतो, आणि किती जास्त हे त्या अस्थिरतेच्या वेगावर ठरतं. हा दुसरा भाग १९८५ साली फ्रॉयडेनबर्ग आणि लूझ यांनी सिद्ध केला.

हनीवेलच्या गुंटर स्टाइननं १९८९ साली बोडेच्या नावानं दिलेल्या व्याख्यानात हे एका विमानाच्या उदाहरणानं समजावलं. ते छापून यायला २००३ साल उजाडलं. या विषयात मी वाचलेलं सर्वांत शहाणं लिखाण तेच. एक्स-२९ हे पुढे वळलेल्या पंखांचं अमेरिकी प्रायोगिक विमान १९८४ साली उडालं. ते इतकं अस्थिर होतं की संगणकानं हात काढला तर नाकाचा कल सुमारे एक अष्टमांश सेकंदात दुप्पट व्हावा. लष्करी विमानांसाठी ४५ अंशांच्या फेज मार्जिनची अट असते, म्हणजे विलंबाला तेवढी सवड ठेवायची. अभियंते बराच काळ झटले, ती अट काही पुरी होईना. स्टाइननं दाखवलं की हा हिशोब पाठकोऱ्या कागदावर मावतो. अस्थिरतेचा वेग सेकंदाला सुमारे ६ रेडियन, आणि पृष्ठभाग हलवणारी यंत्रणा, संवेदक, विमानाची लवचीकता हे सगळं धरून भरवशाची मर्यादा सुमारे ४०. सहाला चाळीसनं भागा, पायनं गुणा: लघुगणकाच्या मापात ०.४७. म्हणजे कुठल्यातरी वारंवारितेवर धक्के किमान १.६ पट वाढणारच. आणि एवढी वाढ मान्य केली की मार्जिन ३६ अंशांच्या पुढे जाऊच शकत नाही. जगातला कोणताही नियंत्रक ४५ देऊ शकत नव्हता. हे कागदाच्या एका तुकड्यावर कळतं तेव्हा सिद्धान्ताला अलंकार म्हणायला जीभ कशी रेटते?

अशी मर्यादा ओलांडली की काय होतं, तेही पाहायला हवं. स्वीडनच्या ग्रिपेन लढाऊ विमानाचा पहिला नमुना २ फेब्रुवारी १९८९ रोजी लिंकोपिंगला उतरताना कोसळला. ८ ऑगस्ट १९९३ रोजी स्टॉकहोममध्ये जलमहोत्सवाच्या गर्दीसमोर दुसरं ग्रिपेन कोसळलं. दोन्ही वेळी वैमानिक एकच होता आणि तो वाचला. गर्दीतही कोणी दगावलं नाही, हे नशीब. पंखांवरचे पृष्ठभाग एका ठरावीक वेगाहून जलद हलू शकत नाहीत. वैमानिकानं कांडी जोरात हलवली की ते त्या वेगाला अडकतात, आज्ञा आणि हालचाल यांत विलंब पडतो, आणि अस्थिर विमानाच्या हिशोबात विलंबाला जागा नसते. वैमानिक सावरायला जातो आणि त्याच्याच दुरुस्त्या दोलन वाढवत नेतात.

आपलं तेजसही मुद्दाम अस्थिर ठेवलेलं विमान आहे. त्याचे नियंत्रण-नियम लिहिण्यासाठी १९९२ साली बंगळुरूच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेत एक राष्ट्रीय गट उभारला गेला. १९९६ साली त्या नियमांच्या चाचण्या अमेरिकेत एका खास एफ-१६ वर झाल्या. मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर निर्बंध आले आणि अमेरिकी सहकार्य तुटलं. उपकरणं अडवता आली. गटाच्या डोक्यातलं नायक्विस्ट आणि बोडे अडवता आलं नाही. तेजस ४ जानेवारी २००१ रोजी उडालं.

आता इतिहासाचा मुद्दा. वॉटचा गव्हर्नर ऐंशी वर्षं विनातक्रार चालला, ही दंतकथा आहे. सुरुवातीचे गव्हर्नर ओबडधोबड होते, सांध्यांत घर्षण भरपूर होतं, म्हणून ते शांत चालत. कारागिरी सुधारली, घर्षण घटलं, इंजिनं मोठी झाली, आणि इंजिनं झुलू लागली: वेग वाढे, उतरे, पुन्हा वाढे. अनुभव सांगत होता की यंत्र अधिक नेमकं बनवा. जितकं नेमकं बनवलं तितकं ते बिघडलं. मॅक्सवेलनं आणि त्यापाठोपाठ १८७६ साली पीटर्सबर्गच्या विश्नेग्राद्स्कीनं समीकरणातून दाखवलं की दोलन मरायला अवरोध पुरेसा लागतो, तो दोष मानून काढून टाकता येत नाही. बेल लॅबमध्येही तसंच घडलं. गेन, म्हणजे वर्धनाचं प्रमाण, वाढवला की वर्धक किंचाळतो हा प्रत्येकाचा अनुभव. नायक्विस्टच्या निकषानुसार मात्र असेही वर्धक असू शकतात जे मोठ्या गेनला स्थिर आणि त्याहून कमी गेनला अस्थिर असतील. १९३४ साली पीटरसन, क्रीअर आणि वेअर यांनी प्रयोग केला आणि अनुभवाविरुद्ध सिद्धान्त खरा ठरला. मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोलबद्दलचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. तिथे उद्योग पुढे होता, विद्यापीठं मागून आली.

आणखी एक कबुली द्यायला हवी. १९६० नंतर सिद्धान्त स्वतःच्या देखणेपणावर भाळला. सर्वोत्तम नियंत्रक समीकरण सोडवून मिळतो, अशी हवा झाली. तो फुगा बाहेरच्या कोणी फोडला नाही. त्या काळचा मानाचा एलक्यूजी नियंत्रक यंत्रातल्या फेरफारांना किती सवड ठेवतो, या विषयावर जॉन डॉयलनं १९७८ साली एक छोटा निबंध लिहिला. त्याचा सारांश इंग्रजीत तीन शब्दांचा आहे आणि तो सांगतो की अशी हमी मुळीच नाही. पुढे डॉयल, ग्लोव्हर, फ्रान्सिस आणि आयआयटी मुंबईचे पदवीधर प्रमोद खरगोणेकर यांच्या १९८९ च्या निबंधानं, मॉडेलमधली चूक आधीच हिशोबात धरणारा नियंत्रक काढण्याची सुटसुटीत रीत दिली. स्वतःच्या लाडक्या उत्तराला भर सभेत नाही म्हणणारं शास्त्र संपलेलं कसं असेल?

राहता राहिली शिकणारी यंत्रं. ती नवी नाहीत. एक्स-१५ या रॉकेट-विमानांपैकी एकात स्वतःचा गेन स्वतः ठरवणारा एमएच-९६ नियंत्रक होता: बारीक दोलन दिसेपर्यंत गेन वाढव, दिसलं की कमी कर. बहुतेक उड्डाणांत तो उत्तम चालला. १५ नोव्हेंबर १९६७ रोजी मायकेल अॅडम्सचं विमान उंचावर गिरकीत सापडलं. त्यातून तो बाहेर आला, पण मग नियंत्रकानं विमानाला दोलनात अडकवलं. पृष्ठभाग वेगमर्यादेला भिडले होते आणि गेन खाली आलाच नाही. विमान हवेत तुटलं, अॅडम्स गेला. १९८२ साली चार्ल्स रोर्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या काळच्या स्वयंअनुकूली रीती, मॉडेलमध्ये न धरलेल्या जलद हालचाली समोर आल्या की कोसळू शकतात.

आजचे विजय मी नाकारत नाही. २०२२ साली डीपमाइंड आणि लोझानच्या संशोधकांनी टीसीव्ही टोकामाक या अणुसंमीलनाच्या यंत्रातला प्लाझ्मा १९ चुंबकी वेटोळ्यांनी धरून ठेवला, तोही शिकलेल्या जाळ्यानं. पण ते जाळं शिकलं कुठे? प्लाझ्माच्या भौतिकीय समीकरणांवर बांधलेल्या सिम्युलेटरमध्ये. म्हणजे मॉडेल होतं, फक्त जागा बदलली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या झ्युरिकच्या ‘स्विफ्ट’ ड्रोननं नामवंत मानवी वैमानिकांविरुद्ध २५ पैकी १५ शर्यती जिंकल्या. त्यात शिकलेलं जाळं किती जोर आणि किती वेगानं वळायचं एवढंच ठरवतं. ड्रोन कुठे आहे याचा अंदाज पक्का करायला कालमन फिल्टर आहे आणि ती आज्ञा चार पंख्यांपर्यंत पोचवणारा खालचा नियंत्रक जुन्याच घराण्यातला आहे. शिकलेलं जाळं मानवाहून चपळ निघालं, याचं मला कौतुकच आहे. पण त्या ड्रोनच्या कॅमेऱ्याला विलंब असतो, पंख्यांना वेगमर्यादा असते, आणि बोडेचा हिशोब आत जाळं आहे की पीआयडी हे विचारत नाही. शिकणारा नियंत्रक विकणाऱ्याला म्हणूनच तीन जुने प्रश्न विचारायला हवेत: यंत्र किती वेगानं हातातून सुटतं, विलंब किती आहे, आणि प्रतिसाद आधी उलटा जातो का?

मग संशोधकांनाच विषय संपल्यासारखा का वाटतो? मला वाटतं, याचं मूळ आपल्या वर्गांत आहे. नागरथ-गोपाळचं पाठ्यपुस्तक हातात घेऊन सेमीलॉग कागदावर बोडे प्लॉट काढलेली, स्थिरता तपासणारा राउथचा तक्ता पाठ केलेली मुलं पुण्या-नाशकातल्या कॉलेजांतून दरवर्षी बाहेर पडतात. तक्ता भरला की मार्क मिळतात. तो तक्ता ज्या झुलणाऱ्या इंजिनांसाठी जन्मला ती त्यांना कोणी सांगत नाही, आणि बोडेचं समाकल, म्हणजे दाबलेल्या आणि फुगलेल्या क्षेत्रांचा तो हिशोब, पदवीच्या पेपरात बहुधा येतच नाही. यातलाच एखादा पुढे संशोधक होतो, कोणी वाचणार नाही असे निबंध लिहितो. तशा निबंधांची रास मोठी आहे, हे मीही मान्य करतो. दुसरा चाकणच्या कारखान्यात लागतो. तिथे पॅनेलवर ऑटोट्यूनचं बटण असतं. ते तो दाबतो, पातळी तरीही झुलत राहते, आणि मग तो लूप मॅन्युअलवर टाकतो.